हिमांतून उतरणारी ऊब



माधवनगरसारख्या उन्हानें तापणाऱ्या गांवीं राहून हिमाविषयीं बोलणें कोणास नवल वाटेल. परंतु सातारा-सांगलीकडील कितीतरी घरांतले तरुण हिमालयाच्या सरहद्दीवर पहारा करीत असतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं सियाचेनवरील सोनम ठाण्यावर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यांत सातारा जिल्ह्यांतील एक होता. तेव्हां हिमाचा स्वभाव जाणणें हें आपल्याही घरचें कार्य होय.

हिम थंड खरें, पण उष्णता वाहून नेण्यांत तें फार मंद असतें. ताज्या हिमांत सुमारें नऊ-दशांश जागा हवेनेंच व्यापिलेली असते. पिंजलेल्या कापसाची दुलई उबदार लागते, तिचें कारणही कोंडलेली हवाच. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत जसें बाहेरचें ऊन पोंचत नाहीं, तसेंच हिमाच्या पोटांतही पोंचत नाहीं.

हें मोजावयाचें कसें? हिमांत एक काठी उभी रोवून तिच्यावर ठराविक अंतरानें तापमापकें बसवितात व दर तासास नोंद घेतात. पृष्ठभाग दुपारीं तापतो. उष्णतेची ती लाट खालीं उतरतांना मागें पडते आणि क्षीणही होते. साधारण घट्ट बसलेल्या हिमांत तीन-चार इंचांवर ती सुमारें चार तास उशिरां येते व तिचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. एका फुटावर ती जवळजवळ लोपते. या विलंबावरून व या घटीवरून उष्णता कोणत्या गतीनें झिरपते, तें काढतां येतें. फ्रान्समधील फूरिए यानें १८२२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलेलें गणित येथें उपयोगी पडतें.

आतां या मापनाचें महत्त्व पाहा. हिमाखालची जमीन शून्य अंशाजवळ असते, तर पृष्ठभाग रात्रीं उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. एका मीटर जाडीच्या थरांत दहा अंशांहून अधिक फरक दिवसेंदिवस टिकला, कीं खालचें बाष्प वर सरकतें आणि तळाशीं साखरेसारखे सुटे, एकमेकांस न धरणारे स्फटिक बनतात. त्यांवर नवें हिम सांचलें, कीं एका माणसाच्या पावलानेंही सारा उतार घसरूं शकतो. सोनमचा अपघात कडा तुटल्यानें झाला. परंतु उतारांवरील पुष्कळ हिमस्खलनांचें मूळ अशा दुबळ्या थरांत असतें. वरून हा दोष डोळ्यांस दिसत नाहीं. तापमापकांच्या आकड्यांत मात्र त्याची चाहूल लागते.

याच अभ्यासासाठीं १९६९ सालीं मनाली येथें संरक्षण खात्याची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था निघाली; २०२० सालीं ती एका नव्या संरक्षण संशोधन संस्थेंत विलीन झाली. हिमस्खलनाचा इशारा आपण वृत्तपत्रांत एका ओळींत वाचतों. त्या ओळीमागें अशा तासातासाच्या नोंदी असतात, आणि त्यांवर कोणा घरच्या मुलाचें परतणें अवलंबून असतें, एवढें ध्यानांत ठेवावें.