बारा लाखांची बातमी आणि आपले पंधराशे

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. आज पैशाचं बोलायचं आहे.

१ फेब्रुवारी २०२५ ला केंद्राचा अर्थसंकल्प आला आणि पुढे कितीतरी दिवस एकच आकडा कानावर पडत राहिला, बारा लाख. नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर आयकर नाही. गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, ह्यात आपलं काय?" खरं सांगायचं तर काही नाही. बारा लाख म्हणजे महिन्याला एक लाख. आपल्या घरी तेवढे येत नाहीत, तो कर आपल्याला आधीही नव्हता.

पण म्हणून आपण करच भरत नाही असं समजू नका. साबणाची वडी घेतली की तिच्या किमतीत जीएसटी असतोच, आणि तो बंगलेवाल्याला आणि मजुराला सारखाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, शिलाई मशीनवरचा १२ वरून ५ वर. मशीनसाठी कर्ज मागणाऱ्या बायांनी दुकानातून नवं कोटेशन आणावं. जुन्या भावावर कर्ज काढू नका.

आता पेन्शन. घरोघरी मला याचंच विचारतात.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांची रक्कम २०२३ मध्ये एक हजाराची दीड हजार झाली. वाढ झाली, चांगलंच झालं. उत्पन्नाची अट मात्र वर्षानुवर्षं तीच, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला २०२५-२६ चा दर रोज ३१२ रुपये आहे. घरातल्या एका माणसानं वर्षात ६८ दिवस काम केलं की ही मर्यादा ओलांडली! अट लिहिणाऱ्यानं तेलाचा डबा शेवटचा कधी विकत घेतला असेल, कोण जाणे.

ही अट सगळ्यांत जास्त कुठं अडते ते सांगते. 'लाडकी बहीण' जुलै २०२४ पासून सुरू झाली, वय २१ ते ६५, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बाईनं पासष्टी ओलांडली की ती बंद. बऱ्याच जणींना वाटतं, पुढं श्रावणबाळ आपोआप चालू होईल. होत नाही. तहसील कचेरीत नवा अर्ज करावा लागतो, आणि तिथं मर्यादा अडीच लाखांची नसून २१ हजारांची. काल महिन्याला दीड हजार घेणारी बाई वय वाढलं म्हणून आज रिकाम्या हातानं बसू शकते. म्हणून घरात चौसष्टची सासू असेल तर वयाचा पुरावा, रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या मागे आत्तापासून लागा. मर्यादाच वाढवा, असा ठरावही ग्रामसभेत मांडता येतो. हात वर करायला पैसे पडत नाहीत.

निवडणुकीत २,१०० ऐकलं, खात्यात १,५०० येतात, हे कसं, असंही विचारतात. आश्वासन सभेत देतात, घोषणा सभागृहात होते, पण पैसे निघतात ते शासन निर्णयावर, ज्याला आपण जीआर म्हणतो. कुणी काही सांगितलं की विचारा, जीआर निघाला का, कुठल्या तारखेपासून लागू?

पेन्शन 'थांबली' म्हणून येणाऱ्या बायांचं पासबुक मी आधी बघते. पैसे आता आधारवर येतात, आणि आधार ज्या बँकेत शेवटी जोडलं त्या खात्यात पडतात. मोबाइलच्या दुकानात कुणी अंगठा घेऊन नवं खातं उघडून दिलेलं असतं, आणि पैसे तिकडे साठत असतात. बँकेत जाऊन विचारा, माझं आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे?

अटल पेन्शन योजना यापेक्षा वेगळी, ती आपल्याच पैशाची. वय १८ ते ४०, आयकर भरणाऱ्याला प्रवेश नाही. साठीनंतर महिन्याला १,००० पासून ५,००० पर्यंत मिळतात. हजाराच्या पेन्शनला अठराव्या वर्षी महिना ४२ रुपये, तिसाव्या वर्षी ११६, चाळिसाव्या वर्षी २९१. वीस वर्षांनी त्या हजारात काय येईल, हे किराणा भरणारीला सांगायला नको. तरी बाईच्या नावावर मरेपर्यंत येणारी रक्कम आहे, आणि तिच्यामागे नवऱ्याला तेवढीच चालू राहते. तिशीच्या आतल्या सुनांना मी आग्रहानं सांगते. एकोणचाळीसच्या बाईनं आधी गटाचं कर्ज फेडावं, मग ठरवावं.

शेवटी सैन्याचं, कारण आपला सातारा जिल्हा. पोरगा भरती झाला की आईबापाची म्हातारपणाची काळजी मिटली, हा आपल्याकडचा जुना हिशोब. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तो बदलला. नोकरी चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम. बाकीच्यांना पेन्शन नाही, सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार एकदम, त्यावर कर नाही. आकडा मोठा वाटतो, पण यात निम्मा पोराचाच पगार आहे. पहिल्या वर्षी ३० हजारांतले नऊ हजार कापून २१ हजार हातात, आणि जेवढे कापले तेवढेच सरकार घालतं. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं आता संपत येतील. ते पैसे आल्यावर लग्नात आणि गाडीत घालायचे, की त्यातून पोरानं धंदा उभा करायचा, हे घरात आत्ताच बोलून ठेवा. घरात सून असेल तर तिच्यासमोर बोला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं पासबुक आणि आधार घेऊन यावं, सासूबाईंचंही. नमस्कार.