स्वामी कुवलयानंद : श्रद्धेला मोजमापाची जोड



नवी मुंबईहून बोरघाट चढून गेले की लोणावळे लागते. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि व्यायाम व वैद्यक यांचा सांधा जुळविणाऱ्या संशोधनाचा पाया घातला.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८८३ चा. संस्कृतचे हे व्यासंगी बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकले आणि पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. योगक्रियांचे सांगितले जाणारे परिणाम शरीरात खरोखर घडतात काय, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत नेला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले. निष्कर्ष ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात प्रसिद्ध केले. त्यामुळे ते इतरांनाही पडताळता आले. गुरूंवरील श्रद्धा त्यांनी कधी सोडली नाही. मात्र पुराव्याच्या जागी ती ठेवली नाही. १९६६ साली ते निवर्तले.

ही शिस्त गावच्या शाळेलाही परवडणारी आहे. व्यायामापूर्वी व नंतर विद्यार्थ्याची नाडी आणि श्वास मोजण्यास एक घड्याळ व एक वही पुरते. न मोजता केलेल्या सक्तीची किंमत मात्र एखाद्या अशक्त मुलाला मोजावी लागते.