जुन्या पायगाडीची ओळख

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत रोहणा हें गांव आहे. भोंवतालीं काळी, कपाशीची जमीन. 1917 सालीं पुलगांवाहून आर्वीपर्यंत अडीच फुटी रुळांची जी लहान आगगाडी सुरू झाली, तिचें एक स्थानक रोहण्यास होतें. ती गाडी आतां धावत नाहीं. परंतु जेव्हां धावत होती, तेव्हां मुंबई बंदरांत उतरलेला विलायती माल मोठ्या रेल्वेनें पुलगांवास आणि तेथून या चिमुकल्या गाडीनें आंतल्या गांवांपर्यंत पोंचूं शके. अशा मालांतील जी वस्तु पुष्कळ घरांत अजून अडगळींत उभी असते, ती म्हणजे पायगाडी, अर्थात् सायकल.

श्रोत्यांनीं रोहण्यांतील असें एक घर मनापुढें आणावें. गोठ्याच्या भिंतीला टेकून एक काळी, उंच सायकल उभी आहे. टायरांचा चुरा झाला आहे, सीटचें चामडें तडकलें आहे, पुढच्या नळीवरील बिल्ला केव्हांच पडून गेला आहे. घरांत सांगतात, ही आजोबांची ‘रॅले’, लढाईच्या आधींची. नागपुरास नोकरीला असलेला नातू ती घासूनपुसून, नवा काळा रंग देऊन, वर सोनेरी अक्षरांत नांव लिहवून दिवाणखान्यांत ठेवूं इच्छितो. भंगारवाला ती वजनाच्या भावानें मागतो. यांपैकीं भंगारवाल्यापासून सायकलीला जितका धोका आहे, जवळजवळ तितकाच नातवाच्या हौसेपासूनहि आहे.

कारण सायकलीची साक्ष तिच्या अंगावरच असते, आणि घासण्यानें प्रथम जाते ती हीच. म्हणून हातांत कानस घेण्यापूर्वीं एक ओलें फडकें आणि एक भिंग घ्यावें. बिल्ला गेला असला तरी त्याच्या खिळ्यांचीं भोकें राहतात. तीं उभीं आहेत कीं आडवीं, त्यांत अंतर किती, हें टिपून ठेवावें. मागच्या मडगार्डावर किंवा सीटखालच्या नळीवर विकणाऱ्या दुकानदाराचें नांव कधीं कधीं धुळीखालून वर येतें. पूर्वीं अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत. तसा एखादा गंजलेला तुकडा सांपडल्यास तो मुळींच फेंकूं नये. सीटच्या खालच्या सांध्यावर अथवा पेडलच्या कण्याच्या कवचावर नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली म्हणजे ठसा उठतो.

मग दांतेरी चक्राकडे वळावें. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीचा मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून तिची खूण एकमेकींस टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या चक्रांत बगळ्याचीं डोकीं कोरलेलीं आढळतात, हंबरच्या चक्रांत चिमुकलीं माणसें, तर रजच्या चक्रांत हाताचा पंजा. हंबरची आणखी एक गंमत अशी कीं, तिच्या पुढच्या चिमट्याची प्रत्येक बाजू दोन जोडनळ्यांची असे; तो चिमटा एकदां पाहिला कीं विसरतां येत नाहीं. पण येथेंच पुष्कळ जण फसतात. चक्र हा बदलण्याजोगा भाग आहे. चाळीस वर्षांत एखाद्या सायकलीला चार मिस्त्री भेटले असतील, आणि प्रत्येकानें हातीं लागेल तें बसविलें असेल. चक्र म्हणजे अंगावरचा सदरा होय. सदऱ्यावरून माणसाचें कूळ ठरवूं नये.

कूळ ठरतें तें सांगाड्यावरून. रॅलेच्या चिमट्याचा वरचा भाग नळीचा असून त्याच्या दोन्ही टोंकांस टोपणासारख्या चकचकीत वाट्या बसविलेल्या असतात. याहून खात्रीची कसोटी आट्यांची आहे. पेडलचा कणा ज्या वाट्यांत फिरतो, त्या वाट्यांना रॅले एका इंचांत सव्वीस आटे पाडी, बी. एस. ए.च्या मापांत ते चोवीस असत. बाजारांतील चोवीस आट्यांची वाटी रॅलेंत बसत नाहीं, आणि जबरदस्तीनें बसविली तर दोन्हींचा नाश होतो. कोणत्याहि गांवचा जुना मिस्त्री हें पुस्तक न वाचतांहि जाणतो.

काळ ठरवावयाचा असेल तर चकाकी पाहावी. सायकलींवर क्रोमचा मुलामा 1930 च्या सुमारास रूढ झाला. त्यापूर्वीं निकल असे. निकलची झांक किंचित् पिवळसर व मऊ, क्रोमची निळसर व थंड. मागच्या चाकांत स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा तुंबा असल्यास त्याच्यावर वर्षाचा आंकडा सांपडण्याचा संभव असतो. अर्थात् तुंबाहि बदललेला असूं शकतो, म्हणून त्याची साक्ष इतरांशीं ताडून घ्यावी.

आतां त्या घरच्या सायकलीचें काय? समजा, चक्रावर बगळे आहेत, पण वाट्यांना आटे चोवीस आणि चिमट्याला टोपणें नाहींत. तर ती रॅले नव्हे. घरच्यांना वाईट वाटेल. कदाचित् ती विलायतीहि नसेल. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला, बंगालमध्यें आसनसोलला आणि तेव्हांच्या पंजाबांत सोनीपतला सायकलींचे कारखाने निघाले, आणि त्यांच्या सायकलींनीं खेडींपाडीं भरून गेलीं. आपल्या महाराष्ट्राच्या उद्योगाची पावलेंहि या वाहनावरूनच उमटलीं आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं 1888 सालीं सायकलींचाच धंदा आरंभिला होता. तेव्हां खऱ्या देशी सायकलीवर खोटें विलायती नांव रंगविणें हें आजोबांच्या वस्तूचा मान वाढविणें खचित नव्हे.

दुरुस्तीचें काम ओळखीनंतरचें. गांठी न सोडतां प्रथम सर्व सांध्यांत तेल सोडावें आणि दोनतीन दिवस वाट पाहावी. घाईनें जितक्या सायकली मोडल्या तितक्या गंजानें मोडल्या नसतील. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हें न जाणून ताकद लावणारे बहाद्दर पदोपदीं भेटतात. पेडलची दांडी कण्याला धरून ठेवणारी कॉटर पिन ठोकतांना दांडीच्या खालीं लोखंडी नळीचा भक्कम आधार द्यावा, नाहीं तर हातोड्याचा घाव छऱ्यांवर आणि वाट्यांवर बसतो. छरे स्वस्त असतात. ते सर्व नवे घालावे, जुने व नवे मिसळूं नयेत.

रंगाला मात्र शक्य तों हात लावूं नये. कारखान्यांत भट्टींत भाजलेला तो काळा रंग साबणाच्या कोमट पाण्यानें व मऊ कापडानें बहुधा उजळतो. सोनेरी रेषा आणि चिकटविलेलीं अक्षरें थिनरनें क्षणांत विरघळतात, तेव्हां ती बाटली घरांत आणूंच नये. गंज पितळी तारेच्या लोकरीनें तेलांत भिजवून हलकेच काढावा. निकलचा मुलामा पातळ असतो. त्याला चिंच लावून रात्रभर ठेवण्याचा घरगुती उपाय अंगाशीं येतो. सीटचें चामडें तेलांत बुडवूं नये, तें ढिलें पडून झोळी होते.

एका बाबतींत आपल्याकडील माणूस युरोपांतल्या छंदिष्टापेक्षां सुखी आहे. अठ्ठावीस बाय दीड इंची टायर व रिमा तेथें शोधाव्या लागतात. येथें त्या तालुक्याच्या बाजारांतहि मिळतात. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस, हा हिशेबहि मिस्त्र्यांच्या तोंडीं आहे. ज्यांना जुन्या सायकली एके ठिकाणीं पाहावयाच्या असतील त्यांनीं पुण्यास विक्रम पेंडसे यांनीं उभारलेलें संग्रहालय पाहावें.

पहिली फेरी उन्हाळ्यांत मारावी. पावसाळ्यांत रोहण्याची काळी माती मडगार्ड आणि टायर यांच्या मधें अशी ठासून बसते कीं, चाक फिरेनासें होतें आणि स्वारावरच सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते.

शेवटीं आडव्या दांडीकडे एकवार पाहावें. हँडलाच्या मागें, वीतभर जागेंत, रंग घासून खालचें लोखंड दिसत असेल, तर तेथें मूल बसत असे. ती जागा भरून काढूं नये. तिच्यावर मेणाचा हात फिरवावा. तें मूल आज सत्तरीच्या पुढें असेल आणि बहुधा त्याच घरांत ओसरीवर बसलेलें असेल. सायकल कोणाकडून आणि किती सालीं घेतली हें त्याला कदाचित् आठवत असेल. नंबरावर पेन्सिल घासण्याआधीं त्यालाच विचारून घ्यावें.