रोगाला दाद न देणारा घेवडा
(भाषणाचा मजकूर)



शिक्षण, नोकरी, आरक्षण यांवर आपल्या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. आम्ही मात्र आज घेवड्यावर बोलणार आहोत. हसू नका. १९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्या जोडीला राबणारी इतर साधने किती यावरून ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. बियाणे हे असेच एक साधन आहे. ज्याच्यापाशी एक-दीड एकर आहे आणि औषध फवारायला पैसा नाही, त्याला रोग न घेणारे बियाणे मिळाले तर त्याची तेवढीच जमीन मोठी होते.

शहरात ज्याच्या कोवळ्या शेंगेला फरसबी आणि वाळल्या दाण्याला राजमा म्हणतात, तोच आपला घेवडा. वाल-पावटा निराळा, त्याचा याच्याशी संकर होत नाही. घेवडा मूळचा मेक्सिकोकडचा आणि अँडीज पर्वताकडचा. मिरची-मक्यासारखा बाहेरून आला आणि इथलाच झाला. इतका, की साताऱ्याच्या कोरेगावकडील वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या पिकाचा मोठा वैरी करपा. ही बुरशी आहे आणि तिला थंड, ओली हवा मानवते. भीमाशंकरच्या उतारावर किंवा माळशेजच्या तोंडाशी श्रावणात जशी असते, अगदी तशी. शेंगेवर तांबूस-काळे, खोलगट डाग पडतात. डाग शेंगेतून दाण्यात उतरतो आणि आपण तोच दाणा राखेत घोळून पुढच्या वर्षासाठी ठेवतो. म्हणजे रोग दुसरीकडून येत नाही, आपल्याच उतरंडीत जपलेला असतो. पेरल्यावर पहिल्या दोन डाळींवर तो दिसतो, पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या झाडावर उडतो आणि ओल्या पिकातून हिंडणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरूनही पसरतो. पाने ओली असताना घेवड्यात शिरू नये, हा फुकटचा इलाज आहे. मोझॅक हा विषाणूचा रोगही बियाण्यातून येतो आणि पुढे मावा तो पसरवतो. तांबेरा मात्र बियाण्यातून येत नाही, वाऱ्यावर येतो.

आता रोगप्रतिकारक वाण कसा तयार होतो ते सांगतो. घेवड्याचे फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून उमलण्याच्या आदल्या दिवशी कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढतात आणि रोगाला दाद न देणाऱ्या झाडाचे पराग त्यावर लावतात. प्रतिकाराचा जनुक एकच आणि प्रभावी असेल, तर दुसऱ्या पिढीत चारांपैकी सुमारे तीन झाडे टिकतात. रोपांवर मुद्दाम बुरशीचे पाणी फवारायचे, मरतील ती मरू द्यायची, उरतील त्यांचे बी धरायचे. असे सहा-सात पिढ्या करावे तेव्हा वाण स्थिर होतो. पुन्हा अडचण अशी, की प्रतिकार असतो एखाद्या काळ्या दाण्यात आणि बाजाराला हवा असतो लाल. मग लाल वाणाशी वारंवार उलटा संकर करावा लागतो.

एवढे करूनही शत्रू स्वस्थ बसत नाही. करप्याच्या बुरशीतही वेगवेगळ्या जाती असतात, हे अमेरिकेत बॅरस यांनी १९११ साली दाखवले. पुढे वेनेझुएलाच्या एका काळ्या घेवड्यात प्रभावी जनुक सापडला. युरोपातील पैदासकारांनी तो आपल्या वाणांत घातला आणि बरीच वर्षे निश्चिंतीत गेली. १९७० नंतरच्या दशकात बुरशीची नवी जात आली आणि ते कुलूप उघडले. तेव्हापासून एका वाणात दोन-तीन जनुक एकत्र घालण्याचा प्रयत्न चालतो. ते जनुक मिळतात कोठून? बहुतेक वेळा जुन्या, गावठी, रंगीबेरंगी बियाण्यातून. म्हणून आम्ही म्हणतो, नवा वाण जरूर घ्या, पण आजीचे गाडगे उकिरड्यावर फेकू नका. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे आणि इतर गावठी वाण जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळा न शिकलेल्या बाईचे हे काम आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने २००२ साली ‘वरुण’ हा राजमाचा वाण दिला. असे वाण आपल्याकडे पोचतात, पण त्यांची परीक्षा आपल्या उतारावर, आपल्या पावसात झाली पाहिजे. केंद्रावरच्या सपाट, खतावलेल्या तुकड्यावरचा निकाल आम्हाला पुरेसा वाटत नाही. दाणा शिजायला किती वेळ लागतो, हे तर बायकांनीच सांगायचे.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला घरचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छाप लावून विकता येत नाही. हा हक्क आपण एकत्र वापरावा. जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. मिळून काही उभे करणे या मातीला नवे नाही.

आमची सूचना साधी आहे. बियाण्याचा तुकडा पश्चिमेच्या ओल्या पट्ट्यात न करता बेल्हे-आणे बाजूला, कोरड्या हवेत, रब्बीत घ्यावा. अमेरिकेतही घेवड्याचे निरोगी बियाणे आयडाहोसारख्या कोरड्या मुलखात करतात. त्या जागी दोन-तीन वर्षे पुन्हा घेवडा नको, बेवड बदलावा. आणि येत्या खरिपात पाच घरांनी एकेक गुंठा द्यावा. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून मिळतील त्या वाणांच्या दोन-दोन ओळी आणि मध्ये घरच्या बियाण्याच्या दोन ओळी टाकाव्यात, फवारणी करू नये. उगवल्यावर दहाव्या दिवशी खाली वाकून त्या पहिल्या दोन डाळी पाहाव्यात, डाग असलेली रोपे मोजावीत आणि आकडा वहीत लिहावा. वह्या आम्ही देऊ.