विमान कोणाचे सुरक्षित?

(लाखनी येथील व्याख्यानाचा पाठ)



१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९, असे एकूण २६० जीव गेले. तेव्हापासून लाखनीसारख्या गावातही, ज्या घरचा मुलगा बंगळुरूला नोकरीस आहे किंवा मुलगी दुबईला नांदते आहे, त्या घरात तिकीट काढण्यापूर्वी एक प्रश्न हटकून निघतो : कोणत्या कंपनीचे विमान सुरक्षित? प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर शोधण्याची रीत मात्र बहुधा चुकीची असते. कोणाचे किती अपघात झाले ते मोजायचे आणि ज्याचे कमी त्याला चांगले म्हणायचे, ही ती रीत.

यातील दोष धान पिकविणाऱ्या भंडारा जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. एकाला दोनशे पोती झाली आणि दुसऱ्याला चाळीस, एवढ्यावरून शेतकरी कोणाची शेती चांगली हे ठरवीत नाही. एकरी उतारा किती, हे तो आधी विचारतो. विमानाच्या हिशेबात एकराच्या जागी उड्डाणे येतात, आणि काळही येतो. एअर इंडियाचा वारसा जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली सुरू केलेल्या हवाई सेवेपासूनचा. इंडिगोचे पहिले उड्डाण २००६ सालचे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळून २१३ जण गेले. विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडले होते, बाहेर काळोख होता आणि वैमानिकाची दिशाभूल झाली. त्या काळी जगभरातच विमानप्रवास आजच्याहून कितीतरी धोक्याचा होता. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक अर्नॉल्ड बार्नेट यांच्या अभ्यासानुसार १९६८ ते १९७७ या काळात विमानात चढणाऱ्या सुमारे साडेतीन लाख प्रवाशांमागे एक मृत्यू होत असे. २०१८ ते २०२२ या काळात हे प्रमाण १ कोटी ३७ लाखांमागे एक इतके खाली आले. इंडिगोच्या विमान अपघातात २०२५ अखेरपर्यंत एकही प्रवासी दगावला नाही, ही गोष्ट खरी आणि अभिमानाची. परंतु ती कंपनी जन्मली तीच या सुरक्षित काळात.

उड्डाणे थोडी असली की हिशेब कसा फसतो, याचे उदाहरण कॉन्कॉर्डचे आहे. १९७६ पासून प्रवासी वाहणाऱ्या या विमानाच्या नावावर एकही प्राणघातक अपघात नव्हता. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ एक विमान पडले आणि एका दिवसात ‘सर्वांत सुरक्षित’ विमान आकड्यांत सर्वांत वाईट ठरले. आदल्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे कॉन्कॉर्ड काही वेगळे नव्हते.

मग तुलना करूच नये काय? करावी, पण ती चुकीच्या पुनरावृत्तीची करावी. अपघातातून शहाणपण घेतले की नाही, हा खरा निकष.

महाराष्ट्रातील एक प्रसंग यासाठी मुद्दाम आठवावा. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीच्या अगदी टोकाशी जेमतेम उचलले गेले आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळले. रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर विमानाची चाके आणि इंजिन त्या ट्रकला लागले. पुढे ते उच्चदाबाच्या विजेच्या तारांना धडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीने दोन कारणे दिली : वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास केलेला उशीर आणि त्यांची चुकीची पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश. म्हणजे कंपनीचा दोष अर्धा. उरलेला अर्धा एका सार्वजनिक रस्त्यावर, जिथे एक माणूस उभा करून वाहने थांबविता आली असती. कंपन्यांच्या क्रमवारीत हा रस्ता कोठे दिसणार?

१९९६ साली हरियाणात चरखी दादरी येथे दोन विमाने आकाशात भिडून ३४९ जण गेले. त्यानंतर टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा विमानांना सक्तीची झाली. येथे धडा घेतला गेला.

पण २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून दरीत गेले. १६६ पैकी १५८ मृत्यू. कप्तान प्रवासात दीर्घकाळ झोपी गेलेला होता, आणि सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सांगूनही त्याने ऐकले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला तीच कंपनी, तशीच डोंगरावरील धावपट्टी, वर भर पाऊस. विमान धावपट्टीच्या निम्म्यावर टेकले. सहवैमानिकाची सूचना पुन्हा एकदा अव्हेरली गेली. २१ जण गेले. कप्तान दीपक साठे हे वायुदलाचे निवृत्त विंग कमांडर, अनुभवी वैमानिक. अपघातात तेही गेले. म्हणून सारा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे आहे. अहवालाने मात्र आणखी एक गोष्ट नोंदविली : कोळिकोडला कप्तानांची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्यांच्याच नावावर होते. परतण्याची ती घाई कंपनीच्या वेळापत्रकातून आली होती.

हेच सूत्र डिसेंबर २०२५ मध्ये साऱ्या देशासमोर आले. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती आणि रात्रीच्या उतरण्यांवर कडक मर्यादा, असे नवे नियम होते. कंपन्यांना तयारीस वेळ मिळालेला होता. तरीही इंडिगोचे नियोजन कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि शासनाला काही नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली. खोळंबलेल्या प्रवाशांचा संताप समजण्याजोगा होता. परंतु त्या गदारोळात, थकलेल्या वैमानिकाच्या हाती विमान देण्यापेक्षा ते रद्द झालेले बरे, असे म्हणणारा आवाज क्षीणच राहिला. सेवा वेळेवर हवी, स्वस्त हवी आणि नियम शिथिल झाले तरी चालतील, अशी समाजाची वृत्ती असेल तर कंपन्यांकडून वेगळी अपेक्षा ठेवता येणार नाही. अहमदाबादच्या अपघाताविषयीही तेच. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणाऱ्या कळा उड्डाणानंतर लागोपाठ बंद स्थितीत गेल्या, एवढे प्राथमिक अहवालाने सांगितले; त्या का गेल्या, हे सांगितले नाही. तरीही दूरदर्शनच्या वाहिन्यांनी आठवडाभरात निकाल देऊन टाकला होता.

राहिला प्रश्न भीतीचा. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. दिवसाला सुमारे ४६०. रस्त्याने जाणारेही विमानाने जाणाऱ्यांहून अनेकपट, हे धरले तरी लाखनीहून निघालेल्या कुटुंबाचा धोक्याचा टप्पा कोणता, याविषयी शंका उरत नाही. नागपूरच्या विमानतळापर्यंतचे ते ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला काढलेली भाड्याची गाडी, दिवसभर लग्नाचे भाडे मारून आलेला चालक. विमानात हवाई सुंदरी प्रत्येकाचा पट्टा तपासते. गाडीच्या मागच्या आसनाचे पट्टे मात्र नव्या कव्हराखाली दडपलेले असतात, आणि त्यांच्यावर आजी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली असते.