मोहल्ला समित्यांचा धडा
(बंगळूर येथे केलेले भाषण)



११ ऑगस्ट २०२० च्या रात्री याच शहरातील डी. जे. हळ्ळी भागात जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला चढविला; पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. त्याच रात्री तेथील मुस्लिम तरुणांनी मंदिराभोवती मानवी साखळी उभारून त्याचे रक्षण केले. ऐन संकटात उभी राहिलेली ही साखळी बारमाही कशी करावयाची, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

भिवंडीचा अनुभव येथे मोलाचा ठरेल. १९७० व १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या त्या यंत्रमागनगरीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसमवेत नियमित बसू लागली, भांडणे वेळीच मिटवू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मारली गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली.

परंतु जुनी पुण्याई कायम पुरत नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत जमावाने दोन पोलिसांचा बळी घेतला. एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने सुरू झालेले काम त्याच्या बदलीनंतरही टिकावयाचे असेल, तर त्याची मुळे वस्तीच्या स्वतःच्या संघटनांत रुजली पाहिजेत. शिवाय शांततेच्या चर्चेने रिकाम्या हातांना काम मिळत नाही. म्हणून समितीच्या प्रत्येक बैठकीत बंदोबस्ताइतकाच तरुणांच्या रोजगाराचा, वाचनालयाचा आणि मैदानाचा प्रश्न आग्रहाने मांडला गेला पाहिजे. ते काम आपले आहे.