चौथा ठराव मी मांडणार नाही



आपल्या संमेलनाच्या समारोपाच्या ठरावांचा मसुदा काल रात्री माझ्या हाती आला. त्यातला चौथा ठराव पॉप गाण्यांच्या व्हिडिओंमधल्या ‘स्त्रियांच्या अंगप्रदर्शनाचा’ तीव्र निषेध करतो. अध्यक्ष म्हणून हा ठराव मी मांडणार नाही. व्हिडिओ मला आवडतात म्हणून नव्हे. त्या ठरावात बाई आहे, तिचे कपडे आहेत, मराठी संस्कृती तर दोनदा आहे. पण तिला चित्रित करणारा, तिचे तुकडे पाडणारा, ते विकणारा आणि टक लावून बघणारा एकही इसम त्यात नाही. म्हणजे गुन्हा आहे, पण आरोपी पसार.

ही आपली जुनी खोड. १९९३ साली ‘खलनायक’मधल्या ‘चोली के पीछे’वरून देशभर गदारोळ झाला. प्रकरण कोर्टात गेलं, दूरदर्शन-आकाशवाणीनं गाणं लावायचं नाकारलं. भांडण सगळं शब्दांवरून. कॅमेरा कुठे रेंगाळतो, याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. पुढे २००२मध्ये ‘कांटा लगा’ आलं. १९७२च्या ‘समाधी’तल्या लताबाईंच्या गाण्याचं ते रीमिक्स. त्या वेळी दोन तक्रारी झाल्या: जुन्या गाण्याची विटंबना झाली, आणि व्हिडिओतल्या मुलीची जीन्स फार खाली होती. विशीतल्या त्या मुलीवर चर्चेच्या फैरी झडल्या. ज्यांनी तो व्हिडिओ आखला, ज्यांनी त्यावर पैसा लावला, त्यांना कुणी चहाच्या टपरीवरसुद्धा हटकलं नाही.

आणि आपलं महाराष्ट्र सरकार? २००५मध्ये डान्सबार बंद केले. तारांकित हॉटेलांना मात्र सूट! त्याच दुटप्पीपणावर मुंबई उच्च न्यायालयानं २००६ला बोट ठेवून बंदी रद्द केली आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. मधल्या काळात हजारो बायकांची रोजीरोटी गेली. ज्या फिल्मी गाण्यांवर त्या नाचायच्या, ती गाणी बंद झाली नाहीत; त्या बायकांवर नोटा उधळणाऱ्यांना कुणी नावानिशी ओळखत नाही. चौथा ठराव लिहिणाऱ्यांनी त्या वेळी बंदीचं स्वागतच केलं असणार, असा मला दाट संशय आहे.

आता मुद्द्यावर येतो, आणि तो मुद्दा कापडाच्या लांबीचा नाही. ‘जत्रा’ (२००६) मधलं ‘कोंबडी पळाली’ आठवा. अजय-अतुल यांचं संगीत, क्रांती रेडकर आणि भरत जाधव. शब्द काही सोवळ्यातले नाहीत. पण चित्रात दोघंही नाचतात, दोघांचीही फजिती होते, आणि त्या बाईला चेहरा आहे, ती त्या चेहऱ्यानं समोरच्याची टर उडवते. तीच चाल २०१२च्या ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली. आपल्याला केवढा अभिमान वाटला, मराठी चाल देशभर गाजली म्हणून! आता भोवती पुरुषांचा घोळका, मधे एक बाई, आणि कॅमेरा घोळक्याच्या बाजूनं. तो कंबरेवर थांबतो, पाठीवर थांबतो. बाईच्या ओळखीची त्याला घाई नसते. हे गाणं गाणाऱ्या श्रेया घोषाल यांनी अलीकडे जाहीरपणे सांगितलं, की पाच-सहा वर्षांच्या मुली हे गाणं म्हणतात तेव्हा त्यांना संकोच वाटतो. हा संकोच गायिकेला वाटला. आपल्याला गणपतीच्या मंडपात तो कधी वाटला? तिथे त्या पाच-सहा वर्षांच्या मुलींना कंबर कशी हलवायची ते आपणच शिकवतो आणि मोबाइल उभे धरतो.

लावणीचा दाखला देऊन मला कुणी गप्प करू नये. फडावरची लावणी म्हणजे काही देवघर नव्हे, शोषण तिथेही होतं. पण तिथे बाई नखशिखांत दिसते, बघणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहते आणि आगाऊपणा करणाऱ्याला भर बैठकीत सुनावते. पडद्यावरच्या बाईला ती सोय नाही. ती आंघोळ करते, कपडे बदलते, झोपलेली असते. आपण पडद्याच्या फटीतून, ओल्या काचेतून बघतो. व्हिडिओचं सगळं नाटक असं, की तिला आपण दिसत नाही. चोरून बघण्याची ही गोडी फुकटात आणि उजळ माथ्यानं मिळते, म्हणून तो माल खपतो.

याच चोरून बघण्याला कायदा गुन्हा मानतो. २०१३च्या दुरुस्तीनं दंड संहितेत कलम ३५४-क आलं, आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. त्यातली एक गोष्ट वाचण्यासारखी आहे: बाईनं चित्रण करू दिलं, पण ते इतरांना दाखवायला संमती दिली नाही, तर ते पसरवणं हा गुन्हाच. २०२३मध्ये आपल्याच राज्यात एका लोकप्रिय नर्तिकेचं कपडे बदलतानाचं चोरटं चित्रण मोबाइलवरून मोबाइलवर फिरलं. त्या वेळीही गावोगावच्या कट्ट्यांवर प्रश्न काय होता? ‘ती नाचते तरी कशी!’

इथे आमच्या पुरोगामी मित्रांच्या टाळ्या पडायला लागल्यात. थांबा, तुमचंही देणं आहे. तुम्ही म्हणता, तिनं स्वतः निवडलंय, तिच्या शरीरावर तिचा हक्क. हक्क आहेच. पण ‘ब्लर्ड लाइन्स’ (२०१३) हे इंग्रजी पॉप गाणं घ्या. त्या व्हिडिओची दिग्दर्शक बाई होती, डायान मार्टेल. मॉडेल एमिली राताजकोव्स्कीनं सुरुवातीला त्याचं समर्थनही केलं. मग २०२१मध्ये ‘माय बॉडी’ या पुस्तकात तिनं लिहिलं, की चित्रीकरणाच्या वेळी गायक रॉबिन थिकनं तिच्या अंगाला हात घातला. ‘कांटा लगा’च्या दिग्दर्शक जोडीतही एक बाई होती. कॅमेऱ्यामागे बाई बसवली की नजर बदलते, हा भाबडेपणा आता सोडा. नजर पैसा लावणाऱ्याची असते. आणि मागच्या रांगेत रोजंदारीवर नाचणाऱ्या मुलींची ‘निवड’ तर मला सांगूच नका. एडिटिंगच्या टेबलावर आपला चेहरा कापला जाईल की राहील, हे त्यांना कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? २००४मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात, कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजात, काय झालं ते पाहा. रॅप गायक नेली याचा एक व्हिडिओ गाजत होता. त्यात बाईच्या पार्श्वभागावरून क्रेडिट कार्ड फिरवलं जातं. त्याला अस्थिमज्जा-दात्यांच्या नोंदणीसाठी त्याच कॉलेजात यायचं होतं, बहीण रक्ताच्या कर्करोगानं आजारी होती म्हणून. मुलींनी बंदी मागितली नाही. ये, पण आमच्यासमोर बसून या व्हिडिओबद्दल बोल, एवढंच म्हणाल्या. तो कार्यक्रम झालाच नाही. काम चांगलं होतं, वेळ नाजूक होती, मुलींवर टीकाही झाली. तरी त्यांनी जाब ज्याला विचारायला हवा, त्यालाच विचारला. आपला चौथा ठराव कुणाला जाब विचारतो?

म्हणून आता या मंडपातल्या गीतकारांकडे वळतो. ‘चित्रीकरण आमच्या हातात नसतं हो’ हे वाक्य मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ झालंय. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. गीतकाराला रॉयल्टीत वाटा मिळण्याचा हक्क मिळाला, आणि तो निर्मात्याला सहजासहजी लिहूनही देता येत नाही. हक्क तुमचा, तो मिळालाच पाहिजे, त्यासाठी मी तुमच्याबरोबर मोर्चात येईन. पण गाणं वाजल्यावर वाटा घ्यायचा आणि चित्रापुरते हात झटकायचे, हे चालणार नाही. शब्दांची काटछाट केली की तुम्ही वर्तमानपत्रांत पत्रं लिहिता. पुढच्या करारावर सही करण्याआधी एकदा विचारा, माझ्या ओळीवर काय दाखवणार आहात? उत्तर मिळालं नाही, तर सही करू नका. एखादं काम जाईल. त्या नाचणाऱ्या मुलीपेक्षा तुम्हाला ते परवडेल.

चौथ्या ठरावाऐवजी एवढीच अट लिहून आणा. सही करायला तयार असलेल्या गीतकारांची नावं मी इथून वाचून दाखवतो, आणि ज्यांची सही नसेल, त्यांचीही.